नाव माझ्या साखरेचं, तपासणी मुलाची

माझ्या मुलाच्या वीर्याची पहिली तपासणी झाली त्या सकाळी मी लॅबच्या बाकावर कोपरात कापूस दाबून बसले होते. माझं रक्त तपासायची काही गरज नव्हती. पण रावपुऱ्यात आमच्या ओळखी जुन्या. धडधाकट माणूस सकाळी आठला लॅबमध्ये दिसला की कोणीतरी विचारणारच. म्हणून अजित म्हणाला, "आई, तू चल. तुझी साखर तपासायला आणलंय असं सांगू."

मी उपाशीपोटी गेले.

आणि झालंही तसंच. आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर आत आले. "काय वहिनी, तुम्ही इथे?"

"साखर."

"साखर तो हवे घेर घेर छे," मास्तर गुजरातीत म्हणाले आणि अजितच्या पाठीवर थाप मारली. "सरस! आईची काळजी घेतो मुलगा."

तेवढ्यात खिडकीतली मुलगी ओरडली, "सॅम्पलवाळा भाई कोण छे?" अजित उठला नाही. तिने पुन्हा हाक मारली. तिसऱ्या हाकेला तो उठला, तिच्या हातातली झाकणाची डबी घेतली आणि जिन्याखालच्या खोलीत गेला. त्या खोलीच्या दाराची कडी नीट बसत नव्हती. बाहेरच पाण्याचा कूलर, तिथे लोकांची ये-जा. वीस मिनिटांनी तो रिकामी डबी घेऊन बाहेर आला, माझ्याकडे न बघता पाणी प्यायला आणि पुन्हा आत गेला. मास्तर मला मेथीचे दाणे कसे भिजवायचे ते सांगत होते.

आई तिथे असायला नको होती, एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण बायकोला त्याने येऊ दिलं नव्हतं.

दोन दिवसांनी दोघांचे रिपोर्ट एकाच पाकिटात आले. माझी साखर खरंच वाढलेली निघाली. अजितच्या कागदावर जिथे आकडा हवा तिथे शून्य होतं.

मी चौथीपर्यंत शिकले आहे. अजित आणि मेधा, म्हणजे मुलगा आणि सून, दोघांनी हे वाचून हो म्हटलं आहे. नावं खरी नाहीत. बाकी सगळं खरं आहे.

मेधाची फाईल

त्या शून्याच्या आधीची सहा वर्षं सांगायला हवीत.

लग्नाला वर्ष झालं आणि मी मेधाला डॉक्टरकडे नेलं. मीच नेलं. तिचं रक्त, तिची सोनोग्राफी, तिच्या गोळ्या, पोटावर टोचायची इंजेक्शनं. मग पिशवीच्या नळ्या उघड्या आहेत का ते बघायची तपासणी. त्यात आतून औषध सोडतात आणि फोटो काढतात. तिची किंकाळी बाहेर ऐकू आली. मी बाकावर होते. शेजारच्या बाईला मी म्हणाले, "हल्लीच्या मुलींना जरा सोसत नाही."

नळ्या चांगल्या निघाल्या. मग पोटाला भोक पाडून दुर्बीण घातली. तेही चांगलं निघालं. दर वेळी चांगलं निघालं की आम्ही पुढच्या डॉक्टरकडे जायचो. अजित कोयलीला रिफायनरीच्या बाजूला नोकरीला, शिफ्टचं काम. त्याला वेळ नाही असं मी सांगायचे. त्याला कोणी विचारलंही नाही. आमचं घराणं गायकवाडांच्या फौजेतलं. आमच्यात पुरुषाला असं काही विचारायची पद्धतच नव्हती.

एक गोष्ट सांगते म्हणजे मी कशी वागले ते कळेल. माझ्या नणंदेच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. पाच बायका ओटी भरायला उभ्या राहिल्या. मेधाच्या हातात नारळ होता. नणंदेने माझ्याकडे बघितलं. मी पुढे झाले आणि मेधाच्या हातातला नारळ काढून घेतला. "तू आतलं पानाचं बघ," म्हणाले. ती आत गेली. तिने पंचेचाळीस पानं वाढली.

मग अलकापुरीतल्या एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मेधाची जाडजूड फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटली. "बेन, आमां भाईनो एक पण कागळ केम नथी?" नवऱ्याचा एकही कागद का नाही? मी म्हणाले, "त्याला काय झालंय?" बाई म्हणाल्या, "ए तो कागळ कहेशे." ते कागदच सांगेल.

घरी आल्यावर मेधाने फाईल अजितच्या पुढ्यात ठेवली. "आता माझ्या अंगाला एकही सुई लागणार नाही. आधी तुमची तपासणी." आवाज चढवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला तिची भीती वाटली. कारण त्या कागदावर काय येणार, याचा मला अंदाज होता.

डॉक्टरांचा प्रश्न

एका रिपोर्टवर काही ठरवत नाहीत. ताप आला असेल, आधी पाळायच्या दिवसांचा हिशेब चुकला असेल, सॅम्पल अर्धंच पडलं असेल, तरी आकडा बदलतो. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. दुसऱ्या वेळी अजित एकटा गेला, दुसऱ्या लॅबमध्ये, लांब. तिथेही शून्य आलं.

मग पुरुषांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. फोनवरच त्यांच्याकडच्या माणसाने सांगितलं होतं, लहानपणची माहिती असेल असं घरातलं कोणीतरी बरोबर आणा. म्हणून मी. मेधाही होती. डॉक्टर तरुण, घाईत नसलेले. विचारत गेले. तंबाखू? नाही. काम गरमीत असतं? भट्टीजवळ नाही, पण पाइपलाइनवर उन्हात. कधी मार लागला? ऑपरेशन? नाही.

मग माझ्याकडे वळले. "माजी, नानपणमां गालपचोळियां थयेलां? गालगुंड? आणि त्यानंतर खाली सूज वगैरे?"

अजितने माझ्याकडे बघितलं. मेधा पर्समधून आणखी एक कागद काढत होती.

मी म्हणाले, "नाही."

अजितने मान खाली घातली आणि तोही म्हणाला, "नाही. आठवत नाही."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

एरंडाची पानं

झालं होतं. अजित चौदा वर्षांचा होता, नववीची वार्षिक परीक्षा तोंडावर होती. दोन्ही गाल फुगले. शेजारच्या जशुबेननी बघितल्याबरोबर ओळखलं. गेरूचा लेप लावला, शाळेत पाठवला नाही. यात वावगं काही नव्हतं. गल्लीतल्या चार मुलांना तेव्हा आलेलं.

गाल उतरले आणि पाचव्या दिवशी पुन्हा ताप भरला. पोरगं भिंतीकडे तोंड करून कण्हत होतं. आधी सांगेना. मग चादर बाजूला करून दाखवलं. चौदा वर्षांचा मुलगा आईला दाखवतो, म्हणजे किती दुखत असेल. दोन्ही बाजू सुजून लाल झाल्या होत्या.

डॉक्टर चार पावलांवर होते. मी नेलं नाही. आमच्या समाजातलेच डॉक्टर, त्यांची बायको आमच्या भिशीत. गोष्ट बाहेर गेली तर पुढे लग्नाला नडेल, हा माझा पहिला विचार. पहिला आणि शेवटचा. मुलाचे वडील तेव्हा होते, त्यांनाही मी सांगितलं नाही. जशुबेनच्या अंगणात एरंड होता. गुडघ्याला हवीत म्हणून पानं मागून आणली, तव्यावर गरम केली आणि घट्ट लंगोट बांधला. सहा-सात दिवस तसं केलं. सूज उतरली. मी अजितला म्हणाले, "हे कोणाला बोलायचं नाही. बायको आली तरी तिला नाही."

मुलगा शहाणा. त्याने ऐकलं.

मेधाला डॉक्टरकडे नेताना मला हे आठवत नव्हतं असं मी म्हणू शकले असते. म्हणणार नाही. विसरले नव्हते. त्याचा याच्याशी संबंध असेल असं मला पक्कं ठाऊक नव्हतं, इतकंच. आणि ठाऊक करून घ्यायचं नव्हतं.

एकामागून एक

मी नाही म्हटलं त्याचा परिणाम असा झाला की डॉक्टर कारण शोधत राहिले. हार्मोनचं रक्त काढलं. त्यातला एक आकडा फार वर निघाला. मेंदू हुकूम सोडतोय आणि खालून उत्तर येत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. मग तिथली सोनोग्राफी झाली. थंड जेल लावून यंत्र फिरवतात, दुखत नाही, पण अजित म्हणाला, त्या खोलीत दोन शिकाऊ मुलं होती. दोन्ही बाजू लहान, आक्रसलेल्या. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. "असं बहुतेक वेळा जुनी सूज येऊन गेल्यावर दिसतं. तसं झालं नव्हतं, नक्की आठवतं ना तुम्हाला?"

अजित म्हणाला, "नक्की."

मग जन्मतःच काही दोष आहे का ते बघायचं रक्त बाहेरगावी गेलं. त्याला काही आठवडे लागले. त्या आठवड्यांत माझा मुलगा माझ्या डोळ्यांसमोर वाळला. ताटावर बसायचा, दोन घास खाऊन उठायचा. आरशात बघून दाढी करायची सोडली, न्हाव्याकडे जायला लागला. कामाला बसने जाणारा माणूस स्कूटर काढायला लागला, कारण बसमध्ये बरोबरचे लोक मुलांच्या शाळांच्या गप्पा मारतात. एकदा मेधाने विचारलं, "चहा ठेवू?" तर पेला भिंतीवर फेकला. मेधाने काचा गोळा केल्या आणि चहा ठेवला.

एवढ्या काळात तिने एकदाही "बघा, आता कळलं?" असं म्हटलं नाही. मी वाट बघत होते. तिने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

जन्माचा दोष नाही असा रिपोर्ट आला. आता एकच राहिलं होतं. दोन्ही बाजूंनी सुईने थोडा थोडा तुकडा काढायचा आणि बघायचं. सगळं बंद दिसलं तरी आत एखादा कोपरा चालू असू शकतो, तिथे काही मिळालं तर पुढे मार्ग असतो. डॉक्टर म्हणाले, आशा ठेवा पण फार नको.

बाकावर

ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी आणि मेधा बसलो होतो. नर्सने येऊन एक पिशवी मेधाच्या हातात दिली. "आ सपोर्टर छे. नंतर आठ दिवस घालायचं, घट्ट." मेधाने पिशवीतून ते बाहेर काढून बघितलं. पांढरा, जाड पट्ट्यांचा लंगोटच तो.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी पण असाच बांधला होता."

"काय?"

मग मी सगळं सांगितलं. गाल, ताप, पानं, जशुबेनला सांगितलेला गुडघा. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सहा वर्षं जे गिळून बसले होते ते पाच मिनिटांचं होतं.

तिने सपोर्टरची घडी घालून पिशवीत ठेवला. डॉक्टर बाहेर आल्यावर ती उठली. "डॉक्टर, आईंना तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

मी पुन्हा सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. मग म्हणाले, "माजी, तेव्हा आणलं असतं तरी वाचलं असतं असं मी सांगू शकत नाही. या सुजेवर तसं औषध नाही. दुखणं कमी केलं असतं. त्याने फरक पडला असता की नाही, कोणी सांगू शकत नाही." पुढे म्हणाले, "पण मला आधी कळलं असतं तर दोन-तीन महिने मी याला इकडेतिकडे फिरवला नसता."

खोटं कशाला बोलू, माझ्या छातीवरचा दगड हलला. मी मेधाला म्हणाले, "ऐकलंस? तेव्हा नेलं असतं तरी..."

"आई," ती म्हणाली, "तेव्हाचं मी विचारतच नाही. माझ्या नळ्यांची तपासणी चालू होती, मी ओरडत होते, तुम्ही बाहेर बसला होता. तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं. मी फक्त तेवढंच विचारते."

"होतं," मी म्हणाले.

ती अजितला आणायला आत गेली.

नंतर

तुकड्यात काही मिळालं नाही. दोन्ही बाजूंनी नाही.

अजित आठ दिवस पलंगावर होता. मेधाने त्याचं सगळं केलं, माझंही केलं, माझ्या साखरेच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या. नवव्या दिवशी ती सांगलीला माहेरी निघून गेली. बॅग मोठी होती.

ती गेल्यावर अजित माझ्याशी भांडला. जन्मात पहिल्यांदा. "डॉक्टरांसमोर तू नाही म्हणालीस म्हणून मी नाही म्हणालो. तू हो म्हणाली असतीस तर मीही म्हणालो असतो."

"तुझं तोंड शिवलं होतं का? सदतीस वर्षांचा घोडा."

"तूच शिवलंस," तो म्हणाला. "चौदाव्या वर्षी."

घरात आम्ही दोघंच, एकमेकांना फक्त जेवायला हाक मारत होतो. शेजारी विचारायचे, मेधा कुठाय? मी म्हणायचे, माहेरी, आईला बरं नाही. पुन्हा खोटं. एकदा हे बोलून दार लावलं आणि तिथेच पायरीवर बसले. वाटलं, ती परत आली नाही तर मी आयुष्यभर हेच बोलत राहणार.

दोन महिन्यांनी मेधाचा फोन आला. अजितला नाही, मला.

"मी येईन. पण माझं एक आहे."

"सांग."

"मला मूल होत नाही असं तुम्ही ज्या ज्या घरात बसून बोललात, त्या त्या घरी जायचं आणि खरं काय ते सांगायचं. तुम्ही. ह्यांनी नाही. ह्यांना मी विचारलंय, त्यांची हरकत नाही."

"घरं बरीच आहेत गं."

"मला माहीत आहे किती आहेत," मेधा म्हणाली.

मी नऊ घरी गेले. गुडघे दुखतात, जिने चढले. कुणी चहा दिला, कुणी विषय बदलला. एक बाई रडायलाच लागली, तिच्या मुलाचंही तसंच होतं आणि सून घटस्फोट घेऊन गेली होती. मास्तरांच्या घरी गेले तेव्हा मास्तर म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी साखर नव्हती?" मी म्हणाले, "ती पण निघाली."

शेवटी नणंदेकडे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वहिनी, काय केलंत हे? मुलाची अब्रू चव्हाट्यावर मांडलीत. माझा भाऊ असता तर त्याने तुम्हाला उभं केलं नसतं."

"वन्सं, सुनेची अब्रू तुमच्याच घरात गेली. नारळ मी काढून घेतला, बघितलं तुम्ही. तेव्हा नाही बोललात."

"आमच्या कानावर तेव्हा हे कुठे होतं?"

"माझ्या होतं ना," मी म्हणाले आणि चपला घातल्या. नणंद माझ्याशी अजून बोलत नाही.

मेधा परत आली. बॅग ठेवायच्या आधी तिने विचारलं, "आत्याबाई काय म्हणाल्या?" मी जसंच्या तसं सांगितलं. "नारळ मी काढून घेतला" या माझ्या वाक्यावर तिने मला थांबवलं आणि ते पुन्हा बोलायला लावलं. मग ती आत गेली. तिने मला माफ केलं असं मला वाटत नाही. मी विचारलेलं नाही. पुढे दत्तक घ्यायचं, की डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या मार्गाने जायचं, की दोघंच राहायचं, ते त्यांचं ते बघतील. मला बोलवतील तेव्हा जाईन.

अजित आता बसने जातो. जेवतो. एवढं पुष्कळ आहे.

दर तीन महिन्यांनी माझी साखर तपासावी लागते. आता खरोखरची. मेधा नेते. गेल्या खेपेला त्याच लॅबमध्ये बसलो होतो. समोरच्या बाकावर साठीची एक बाई आणि तिचा तिशीतला मुलगा. मुलगा मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला, आणि बाई आल्या-गेल्याला सांगत होती, "मारी शुगर माटे आव्या छीए." कोणी विचारत नव्हतं तरी आपल्या साखरेसाठी आलोय म्हणून सांगत होती.

खिडकीतून हाक आली, "सॅम्पलवाळा भाई?"

मुलगा हलला नाही. बाईने पदर ओढून घेतला.

मी मेधाकडे बघितलं. तिने रिपोर्टचं पाकीट माझ्या हातून घेतलं आणि म्हणाली, "जा ना. आता कशाला थांबता?"

मी उठले आणि त्या बाईच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, "बेन, त्याला जाऊ द्या आत. लाजण्यासारखं काही नाही. पुढे डॉक्टर तुम्हाला विचारतील, लहानपणी गालपचोळियां झाली होती का. झाली असतील तर हो म्हणा."

तिने माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. मग मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "जा, बेटा."

तो उठला.